चौदा हातांवरची रेघ

प्रिन्सिपॉलसाहेबांचं पत्र आलं तेव्हा मी तळेगावच्या शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. कॉलेजच्या टेनिस संघाचा मुख्य कोच म्हणून माझी नेमणूक करायचं ठरलं आहे आणि मी नकार देणार नाही अशी त्यांना खात्री आहे, असं पत्रात होतं. घरी आल्यावर ते बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गुडघ्याला विचारलंत का?"

तिचं खोटं नव्हतं. याच संघातून मी चार वर्षं खेळलो, शेवटच्या वर्षी कप्तानही होतो. पण त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली होती. त्यानंतर शाळा, शिकवण्या, दोन मुली आणि उजवा गुडघा. पावसाळ्यात तो असा धरायचा की जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागे. रॅकेट खुंटीवर होती. तिची तांत मावळातल्या दमट हवेत कधीच सैल होऊन गेली होती आणि धाकटी तिच्यावर भातुकलीचे पापड वाळवायची.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण मला आणायचं म्हणजे सरांना काढायचं.

सर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संघही तेच चालवायचे. मला सर्व्हिस शिकवली ती त्यांनीच. महिनाभर त्यांनी मला चेंडूच दिला नव्हता, नुसता हात फिरवायला लावला होता. निवृत्त झाल्यावर हवेसाठी म्हणून ते तळेगावात येऊन राहिले, आणि तिथून आगगाडीनं पुण्याला जाऊन संघाला शिकवत राहिले. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी उजेड काही फारसा परतला नाही. आदल्या वर्षी त्यांनी एकाच्या फटक्याबद्दल दुसऱ्याची पाठ थोपटली होती आणि पोरं तोंडावर हात धरून हसली होती, हे माझ्या कानावर आलं होतं.

पत्र खिशात घालून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांना सगळं ठाऊक होतं. माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं म्हणे. मी उगाच काहीबाही बोलत राहिलो, की मला वेळ कुठला, माझा गुडघा, तुमच्यासमोर मी कोण. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की आंतरकॉलेज सामन्यांची ढाल तीनदा हातातोंडाशी येऊन गेली, आणि आता त्यांचं एवढंच मागणं आहे. "ढाल आली की माझ्या मांडीवर आणून ठेव. डोळ्यांनी नाही तर हातांनी बघेन."

यावर नाही कसं म्हणायचं?

संघाचा सराव दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत लोणावळ्याला व्हायचा. मुंबईच्या एका शेटजींचा भुशीच्या वाटेवर बंगला होता. शेटजी उन्हाळ्यात यायचे, बाकी वर्षभर तिथं माळी आणि वानरं. मागच्या बाजूला टेनिसचं कोर्ट होतं आणि ते दहा दिवस आम्हाला वापरायला मिळायचं. त्या वर्षी तर पुण्याचं कॉलेजचं कोर्ट उखडून नव्यानं करायला घेतलं होतं, त्यामुळे सरावाला एवढी एकच जागा.

लोणावळ्याचा पाऊस कोर्टाचं काही शिल्लक ठेवत नाही. चार महिन्यांत त्यावर घोट्याएवढं गवत उगवलेलं असायचं. ते काढायचं, मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, दगडी रोलर फिरवायचा आणि सगळ्यात शेवटी शेणमातीनं सारवायचं. हे सारवण्याचं काम भुशीची एक बाई करायची. मी विद्यार्थी असल्यापासून तीच. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. भातकापणी सोडून ती दोन दिवस यायची आणि कामभर कुरकुरायची, की घरचं भात शेतात लोळतंय आन म्या हितं पोरास्नी उड्या माराया भुई सारवतीया. पण तिच्या हाताखालून गेलेलं कोर्ट असं व्हायचं की चेंडू जिथं पडेल तिथून सारखाच उठायचा. नेटपासून सुरुवात करायची, हात-हातभराचे पट्टे सारवत मागे सरकायचं आणि पट्टे मोजत जायचे, ही तिची पद्धत.

सारवण वाळलं की रेघा मारायच्या, आणि त्या मुख्य कोचनं स्वतःच्या हातानं मारायच्या, हा सरांनी घालून दिलेला रिवाज. नेटच्या खांबापाशी नारळ फुटायचा. मग सर त्यांची गाठींची दोरी काढायचे. दोरीचं टोक एकानं नेटपाशी धरायचं, दुसरीकडे सर. पहिल्या गाठीला लाल चिंधी बांधलेली, तिथं सर्व्हिसची रेघ. दोरी संपते तिथं शेवटची रेघ. चुन्याच्या पाण्यात कुंचा बुडवून सर वाकून रेघ ओढायचे आणि आम्ही देवळात उभं राहावं तसे उभे असायचो.

त्या वर्षी नारळ फुटला आणि सरांनी दोरी माझ्यासमोर धरली. "घे. आता हे तुझं काम."

हे मी पुढे शंभर वेळा आठवून पाहिलं आहे. त्यांनी दोरी दिली होती. हात लांब करून दिली होती. मी ती घ्यायची होती, बस. पण संघातली आठ मुलं बघत होती, माळी बघत होता, आणि मला वाटलं की सरांच्या हातातून दोरी घेणारा मी कोण लागून गेलो! मी दोन पावलं मागे सरलो आणि म्हणालो, "छे छे सर, तुम्ही असताना मी? तुम्हीच मारा." त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मी पुन्हा एकदा नम्र झालो. त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं आणि मलाही माझ्या चांगुलपणाचं फार कौतुक वाटलं.

नेटपाशी टोक धरून मी बसलो. सर अंगठ्यानं दोरी चाचपत मागे जाऊ लागले. पावसाळ्यात ती दोरी उंदरांनी कुरतडली होती आणि सरांच्या घरी कुणीतरी मापानं नवा तुकडा जोडून दिला होता. त्या जोडाची गाठ जाडजूड होती. जुनी, चिंधीची गाठ वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेली. सरांचा अंगठा चिंधीवरून सरकला, पुढे गेला आणि जोडाच्या गाठीवर थांबला. लाल चिंधी त्यांच्या हाताच्या अलीकडे लोंबत होती. मला ती स्वच्छ दिसत होती.

"बरोबर आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर, बरोबर."

त्यांनी रेघ ओढली. पांढरीशुभ्र, सरळ. मग नेटच्या पलीकडच्या बाजूला तेच. दोन्हीकडे सारखीच चूक असल्यामुळे नुसतं बघून कुणाला काही कळणार नव्हतं. कळलं ते एकट्या मावशींना. त्या कडेला घमेलं धूत होत्या. सरांना त्या आबा म्हणायच्या. हात झटकत माझ्याजवळ आल्या आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आबांची रेघ चुकली बगा. दरसाल चौदा हातांवर असती, औंदा पंधराव गेलीया."

सर वीस-पंचवीस पावलांवर उभे होते. मी मावशींना जवळजवळ ढकलतच बाजूला नेलं आणि दबक्या आवाजात चांगलं फैलावर घेतलं, की मोठ्या माणसाच्या कामात बोलू नका, तुम्ही तुमचं सारवायचं बघा, टेनिसमधलं तुम्हाला काय कळतंय. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि घमेलं उचलून गेल्या.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की सर्व्हिस नेटपलीकडच्या त्या रेघेच्या आत पडावी लागते. रेघ हातभर लांब मारली म्हणजे पोरांना हातभर लांब टाकायची सवय लागते. इथं आत पडलेला चेंडू खऱ्या कोर्टावर बाहेर.

मी स्वतःची समजूत घातली. हातभर ते काय! पहाटे उठून गुपचूप पुसू, असाही विचार केला. पण ताज्या सारवणावरून चुना पुसला की डाग राहतो, आणि सर रोज सकाळी काठी टेकत त्याच रेघेवरून चालायचे. पावलांखाली त्यांना कळलं असतं. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या सर खुशीत होते. परवा त्यांना खोकला होता. तेरवा त्यांनी पोरांना जमवून माझ्याबद्दल दोन शब्द बोलून दाखवले, आणि त्या दिवशी तर सांगणं शक्यच नव्हतं. दरीतून धुकं वर यायचं, नऊ वाजेपर्यंत चेंडू दिसायचा नाही, मी चहा पीत बसायचो आणि ठरवायचो. दहा दिवस मी नुसतं ठरवत होतो. एवढा थकवा मला खेळताना कधी आला नव्हता.

संघात एक डावखुरा होता. इतकी सुंदर सर्व्हिस मी आमच्या कॉलेजात दुसरी पाहिली नाही. सर त्याच्या सर्व्हिसच्या आवाजावरून सांगायचे, आता मनगट वळलं, आता नाही वळलं. त्या दहा दिवसांत त्यानं ती त्या लांबच्या रेघेच्या आत, अगदी कडेला टाकायला शिकून घेतली. दहातल्या आठ वेळा चुना उडायचा. सरांना पोरं ओरडून सांगायची, रेघेवर पडला सर! आणि सर खुर्चीत मांडीवर थाप मारायचे.

शिबिर संपलं आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात ढालीचा सामना, तोही प्रतिस्पर्धी कॉलेजच्या कोर्टावर. पुण्याला जाताना गाडीत मी त्या डावखुऱ्याला जवळ बसवून म्हणालो, उद्या सर्व्हिस जरा आखूड टाक. त्यानं विचारलं, का? मी म्हणालो, पुण्याचं कोर्ट वेगळं असतं. तो हो म्हणाला. त्याला काही पटलेलं नव्हतं, पण कोचला उलट कोण विचारणार?

सामन्याचं फार लिहीत नाही. बरोबरी होत होत सगळं त्याच्या शेवटच्या खेळावर येऊन ठेपलं. त्याच्या हाताला दहा दिवसांची सवय होती आणि माझ्या एका वाक्यानं ती जाणार नव्हती. चेंडू सुंदर जायचा आणि रेघेच्या हातभर पलीकडे पडायचा. पंच म्हणायचा, फॉल्ट. मग दुसरी सर्व्हिस तो घाबरून टाकायचा आणि ती नेटमध्ये. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रुमालानं चष्मा पुसायला घेतला. सर माझ्या शेजारी बसले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते ऐकत होते. दुसऱ्या सेटमध्ये केव्हातरी त्यांनी मान खाली घातली आणि मग ती वर केलीच नाही.

ढाल समोरच्या लोकांनी नेली.

आठवड्यानं सरांचा निरोप आला. गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते आणि ती दोरी त्यांच्या मांडीवर होती. बस म्हणाले. दोरी चाचपत त्यांनी आधी गुळगुळीत गाठ पकडली, मग जाड गाठ.

"दोन आहेत," ते म्हणाले. "तू नेटपाशी होतास. तुला दिसलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या दहा दिवसांनी माझ्यात तेवढंही बळ ठेवलं नव्हतं. मी हो म्हणालो.

ते दोरीची गुंडाळी करू लागले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तू माझा मान राखलास असं समजू नकोस. मला सांगायचा त्रास तू स्वतःचा वाचवलास." मग त्यांनी दोरी माझ्या हातात दिली आणि या वेळी मी ती मुकाट्यानं घेतली.

पुढे तीन वर्षं ते होते. मी जायचो, आम्ही बोलायचो. त्यांच्या तब्येतीचं, माझ्या मुलींच्या शाळेचं. टेनिसचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि काढायची माझी हिंमत झाली नाही. तो डावखुरा वर्ष संपल्यावर वकिलीकडे गेला. पुढे एकदा स्टेशनवर भेटला, वाकून नमस्कार केला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

कोच मात्र मी राहिलो. सोडायला हवं होतं, पण ढाल आणायची होती, निदान एकदा तरी. ती आजतागायत आलेली नाही. वर्षं गेली, जगभर लढाई सुरू झाली, नवे चेंडू मिळेनासे झाले, आणि पोरं टक्कल पडलेल्या चेंडूंनी खेळू लागली. गुडघा आता दोन्ही बाजूंनी बोलतो. सरांची दोरी मी पेटीत ठेवून दिली आणि मापासाठी कापडी फीत आणली. तीही वापरून वापरून पिवळी पडली, आकडे पुसट झाले, माझ्या चष्म्याची काच जाड झाली. पण एक गोष्ट मी कटाक्षानं पाळली. रेघ मारायच्या आधी दरवर्षी मी पोरांना जमवून सांगायचो, की बाबांनो, चूक दिसली तर तोंडावर सांगा, मला अजिबात राग येणार नाही. मग मारायचो आणि विचारायचो, बरोबर आहे ना? ती एकसुरात म्हणायची, हो सर. मला समाधान वाटायचं.

गेल्या दिवाळीत त्या 'हो सर'चा मला एकाएकी वीट आला. का ते सांगता येत नाही. सकाळपासून पाठ धरली होती, थंडी होती, आणि एक पोरगा फीत हातात देताना इतका वाकला की मला माझाच जुना चेहरा दिसल्यासारखं झालं. मी मुद्दाम सर्व्हिसची रेघ हातभर लांब ओढली. हातभर! फितीचं दुसरं टोक धरून संघाचा कप्तान बसला होता. आकडा त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"बरोबर आहे ना?"

"हो सर," सगळे म्हणाले. कप्तान जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला.

रागावू कुणावर? मी रोलरच्या दगडावर जाऊन बसलो. मावशी कडेला घमेलं धूत होत्या. त्याही आता थकल्या आहेत. सून बरोबर येते आणि सारवते, त्या नुसत्या पट्टे मोजतात. मी त्यांना हाक मारली आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला तरी दिसलं का?"

"दिसलं की. पंधराव हाय."

"मग बोलला का नाहीत?"

मावशींनी ओले हात पदराला पुसले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, झाली गोष्ट सांगावी तसं त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमीच म्हनला व्हता न्हवं, मोठ्या मान्साच्या कामात बोलू नगा म्हून. तवाधरनं म्या बोलत न्हाई."

पोरं ऐकत होती. मी विचारलं, की एवढ्या वर्षांत, माझ्या हातून, आधी कधी रेघ चुकली होती का?

"दोन साल," मावशी म्हणाल्या, आणि घमेलं पालथं घातलं.

कुठली दोन, ते मी विचारलं नाही. पोरांना बादलीभर पाणी आणायला सांगितलं आणि रेघ पुसायला खाली बसलो.